पेढीवरचे शब्द : अर्थव्यवहारातील काही संज्ञांचा कुलवृत्तान्त

बडोदे शहराच्या उत्तरेस निजामपुरा ही वस्ती आहे. तिच्या नावातच एक अरबी आणि एक संस्कृत शब्द शेजारधर्माने नांदत आहेत. 'निजाम' म्हणजे व्यवस्था आणि 'पुरा' म्हणजे आपले 'पुर'. येथे गुजराती कुटुंबांच्या शेजारी मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. घरात मराठी, बाजारात गुजराती आणि बँकेच्या कागदावर इंग्रजी असा त्यांचा त्रैभाषिक संसार आहे. आमच्या घरापासून दोन घरे सोडून राहणारे एक सेवानिवृत्त शिक्षक आहेत. सारी गल्ली त्यांना नाना म्हणते, आम्हीही म्हणतो. काही वर्षांपूर्वी एका परिचिताच्या मुलाने कर्ज काढले, तेव्हा नानांनी त्याच्या कागदावर 'गॅरंटर' या शब्दाखाली सही केली. कागद इंग्रजीत होता. मुलगा ओळखीचा, घराणे चांगले. तेव्हा आपण केवळ ओळख पटविण्यापुरती सही करीत आहोत, अशी नानांची प्रामाणिक समजूत होती. मुलाचा धंदा बुडाला आणि कर्जफेडीची नोटीस नानांच्या दारी आली. तो कागद आमच्यापुढे ठेवून ते म्हणाले, "अहो, तुम्ही भाषेची माणसे. साक्षीदार आणि गॅरंटर यांतला भेद आम्हांला वेळेवर कोणी सांगितला असता तर?"

या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते. मात्र त्यामुळे एक गोष्ट ध्यानात आली. काव्यातील एखाद्या शब्दाच्या व्युत्पत्तीवर आम्ही तासन्‌तास वाद घालतो. पण ज्या शब्दांखाली माणसे सह्या करतात आणि ज्यांच्यापायी त्यांची आयुष्यभराची शिल्लक जाते, त्या शब्दांचे कूळ विचारण्याची आम्हांस कधी आठवण झाली नाही. प्रस्तुत लेख त्या उपेक्षेचे अल्पसे परिमार्जन आहे. अर्थव्यवहारातील सारेच शब्द येथे घेता येणार नाहीत. जे बडोद्याच्या इतिहासाशी वा आमच्या भाषेशी काही नाते सांगतात, तेवढेच निवडले आहेत.

प्रारंभ 'बँक' या शब्दापासून करणे उचित होईल. २० जुलै १९०८ रोजी महाराज सयाजीराव गायकवाड तिसरे यांच्या प्रेरणेने 'बँक ऑफ बडोदा' स्थापन झाली, तेव्हापासून हा शब्द या नगरीच्या नावाशी कायमचा जोडला गेला आहे. मुळात 'बँक' म्हणजे बाकडे. मध्ययुगीन इटलीतील सराफ बाजारात बाकावर नाणी मांडून बसत. त्या बाकाला 'बांका' किंवा 'बांको' म्हणत, आणि इटालियनांनीही तो शब्द जर्मानिक भाषांतून घेतला होता. म्हणजे आमच्या शाळेतील विद्यार्थी ज्यावर बसतो तो बाक आणि कोट्यवधींची उलाढाल करणारी बँक यांचे मूळ एकच कल्पना आहे. आमच्याकडेही प्रकार निराळा नाही. 'पेढी' हा शब्द पीठ, पीठिका या आसनवाचक शब्दांच्या कुळातला मानला जातो, आणि व्यापाऱ्याच्या दुकानाला 'गादी' म्हणण्याची रूढी तर सर्वांच्या परिचयाची आहे. पैशाचा व्यवहार करणारा माणूस रोज एका ठरावीक जागी बसलेला सापडला पाहिजे. ही पहिली अट होती, आणि दोन्ही खंडांतील भाषांनी ती आसनाच्या नावाने नोंदवून ठेवली.

सराफाला देणे देता आले नाही, की त्याचे बाकडे मोडले असे म्हणत. त्या 'मोडलेल्या बाका'वरून इंग्रजीतील 'बँकरप्ट' हा शब्द आला. प्रत्यक्ष बाक मोडण्याची चाल सर्वत्र होती की हा नुसता वाक्प्रचार होता, याविषयी मतभेद आहेत. शब्दाची घडण मात्र निर्विवाद आहे. आमच्याकडे याच प्रसंगाला 'दिवाळे' म्हणतात. परंपरागत स्पष्टीकरण असे, की देणी भागविणे अशक्य झालेला व्यापारी भरदिवसा दुकानात दिवा लावून ठेवी आणि त्यावरून लोक काय ते समजत. एका भाषेने बाक मोडला, दुसरीने दिवसा दिवा लावला. दोन्हींत एक तत्त्व समान आहे : व्यापाऱ्याची पत ही सार्वजनिक वस्तू असल्यामुळे तिचा नाशही चारचौघांसमक्ष जाहीर झाला पाहिजे.

'कंपनी' हा शब्द मराठी माणसाने अठराव्या शतकापासून भीतीने वा आदराने उच्चारला. त्याचा मूळ अर्थ पाहिला, की ती भीती जरा कमी होते. लॅटिनमध्ये 'कोम' म्हणजे सह आणि 'पानिस' म्हणजे भाकरी. एकत्र भाकरी खाणारे ते कंपनी. आमच्या 'सहभोजन' शब्दाहून ही कल्पना वेगळी नाही, आणि 'पाव' हे आमच्याकडे पोर्तुगीजांकडून आलेले खाद्यही त्याच 'पानिस'चे वंशज आहे. म्हणजे 'कंपनी'तला पाव आणि न्याहारीचा पाव हे सख्खे भाऊ ठरतात. 'कॅपिटल' हा शब्द 'कापुत' म्हणजे डोके या लॅटिन शब्दावरून आला. त्याच मुळापासून इंग्रजीत गुरेढोरे या अर्थाचा 'कॅटल' हा शब्दही निघाला, कारण एके काळी डोकी मोजता येणारे धन म्हणजे जनावरे. लॅटिनमध्ये पैशाचे नाव 'पेकुनिया', तेही 'पेकुस' म्हणजे पशू यावरून पडले. हा 'पेकुस' आणि संस्कृत 'पशु' एकाच कुळातले. 'गोधन' शब्द वापरणाऱ्या समाजाला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. आमच्या 'भांडवला'त मात्र गुरे नाहीत. त्याच्या पोटात 'भांड' म्हणजे व्यापारी माल आहे. पशुपालकाच्या भाषेने धन गोठ्यात पाहिले, वाण्याच्या भाषेने ते वखारीत पाहिले.

'शेअर' म्हणजे कापून वेगळा केलेला भाग. जुन्या इंग्रजीत कापण्याच्या क्रियेवरून तो शब्द बनला. येथे एक मौजेचे साम्य सांगण्यासारखे आहे. आम्ही जो 'कर्ज' शब्द रोज वापरतो तो अरबी असून त्याच्या धातूचाही मूळ अर्थ कापणे, कुरतडणे असाच आहे. धनको आपल्या मालमत्तेतून तुकडा कापून ऋणकोला देतो, ते कर्ज. 'स्टॉक' या शब्दाची कथा त्याहून नाट्यपूर्ण आहे. इंग्लंडच्या राजकोषात शतकानुशतके लाकडी काठ्यांवर खाचा पाडून हिशेब ठेवीत. काठी उभी चिरून तिचे दोन भाग करीत. धनकोकडे राहणाऱ्या भागाला 'स्टॉक' म्हणत. दोन्ही भाग जुळविल्यावर खाचा जमल्या, की देणे सिद्ध होई. ही पद्धत बंद पडल्यावर साठलेल्या काठ्या १८३४ च्या ऑक्टोबरात जाळण्यास काढल्या. त्या आगीत लंडनचे पार्लमेंटगृहच भस्मसात झाले. काठ्या गेल्या, शब्द राहिला.

आता थैल्या आणि पेट्या यांकडे वळू. दरवर्षी वृत्तपत्रांचे रकाने भरणारा 'बजेट' हा शब्द जुन्या फ्रेंचमधील चामड्याच्या लहान पिशवीचे नाव आहे. इंग्लंडचा अर्थमंत्री कागदांची पिशवी उघडून राज्याचे जमाखर्च मांडतो, या कल्पनेवरून १७३३ मध्ये वॉलपोलची टर उडविणाऱ्या एका पत्रकाने 'पिशवी उघडली' असे शीर्षक घेतले आणि पुढे तो शब्द रूढ झाला. १८६० मध्ये जेम्स विल्सनने हिंदुस्थानचे पहिले बजेट मांडले, तेव्हा ही पिशवी आमच्या देशात आली. पण ती येण्यापूर्वीच आमच्यापाशी आमची पिशवी होती. फारसी 'फोता' म्हणजे थैली, सरकारी रोकड. ती सांभाळणारा तो फोतेदार, म्हणजेच आमचा पोतदार. बडोद्याच्या राज्यात पोतदारीला मोठे महत्त्व होते. एकोणिसाव्या शतकात हरिभक्ती, गोपाळराव मैराळ, सामळ बेचर यांसारख्या पेढ्या राज्याला पैसा पुरवीत आणि राज्याच्या वसुलावर त्यांचा हक्क राही. 'पोतदार' ही पाटी आजही मराठी वस्तीत कोठेही दिसते. त्या पाटीचा आणि दिल्लीच्या अर्थसंकल्पाचा अर्थ एकच, हे विद्यार्थ्याला सांगितले तर तो विषय त्याला परका वाटणार नाही.

'कॅश' या शब्दात तर दोन निरनिराळे शब्द एकत्र झाले आहेत. रोकड या अर्थाचा 'कॅश' फ्रेंच व इटालियन भाषांतील पेटीवाचक शब्दांपासून आला. पूर्वेकडील लहान नाण्याला जुने इंग्रज प्रवासी जे 'कॅश' म्हणत, ते मात्र तमिळ 'कासु'. पोर्तुगीजांच्या तोंडून फिरून आल्यामुळे दोन्हींचे रूप सारखे झाले. दिसण्यात एक आणि कुळाने वेगळे असे शब्द भाषेत पुष्कळ असतात. म्हणूनच ध्वनिसाम्यावर विसंबून व्युत्पत्ती सांगण्याचा मोह टाळावा. आणखी एक इशारा देणे अवश्य आहे. 'सॅलरी' या शब्दाचा लॅटिन मिठाशी संबंध आहे, एवढे खरे. पण रोमन सैनिकांना पगारादाखल मीठच देत, ही सर्वत्र सांगितली जाणारी कथा मात्र प्राचीन पुराव्याने सिद्ध झालेली नाही. वर्गात ती सांगावयाची झाल्यास दंतकथा म्हणूनच सांगावी.

'पगार' या शब्दाकडे पाहून मात्र मनाला समाधान होते. तो शुद्ध मराठी आहे, असा अनेकांचा समज असतो. वस्तुतः तो पोर्तुगीज 'पागार' म्हणजे देणे चुकविणे या क्रियापदावरून आला. त्याचे आणि इंग्रजी 'पे'चे मूळ एकच : लॅटिनमधील 'शांत करणे'. धनको अस्वस्थ असतो, पैसे मिळाले की शांत होतो. महिनाअखेरीस घराघरांतून हा अर्थ प्रत्ययास येतो, त्यामुळे याला आणखी पुरावा देण्याचे कारण नाही.

काही शब्द आमच्याच बाजूने निघून जगप्रवास करून परत आले आहेत. 'चेक' घ्या. बुद्धिबळात राजाला धोका आला की फारसी खेळाडू 'शाह' म्हणत. मराठीत त्याचा 'शह' झाला, आणि युरोपात फिरता फिरता त्याचाच 'चेक' झाला. शह देणे म्हणजे अडविणे, यावरून 'चेक'ला नियंत्रणाचा, पडताळ्याचा अर्थ आला. नॉर्मन राजांचे कोषाधिकारी बुद्धिबळाच्या पटासारख्या चौकटी असलेल्या कापडावर सोंगट्या मांडून हिशेब करीत. त्या पटावरून राजकोषाला 'एक्स्चेकर' नाव मिळाले. पैशाच्या आदेशपत्राची नक्कल पडताळ्यासाठी ठेवीत, तिलाही 'चेक' म्हणू लागले. तेव्हा धनादेश लिहिणारा गृहस्थ नकळत 'शह' हाच शब्द लिहीत असतो. 'टॅरिफ' हेही असेच. अरबी 'तारीफ' म्हणजे ओळख करून देणे, जाहीर करणे. भूमध्य समुद्रावरील बंदरांत जकातीचे दर जाहीर करण्याच्या यादीला ते नाव पडले आणि इटलीमार्गे इंग्रजीत गेले. आमच्याकडे त्याच शब्दाला स्तुतीचा अर्थ आला. एकाच शब्दाने एका ठिकाणी कर बसविला आणि दुसऱ्या ठिकाणी वाहवा केली.

येथवर आलेले शब्द वस्तूंचे होते : बाक, भाकरी, काठी, थैली. अर्थव्यवहाराचे दुसरे अंग मनुष्याच्या मनाशी निगडित आहे, आणि तेथील शब्द अधिक विचार करावयास लावतात. 'क्रेडिट' या लॅटिन शब्दाचा अर्थ 'विश्वास ठेवणे'. तुलनात्मक भाषाशास्त्राचे अभ्यासक त्याचे नाते संस्कृत 'श्रद्धा' शब्दाशी जोडतात, आणि ते सर्वसाधारणपणे मान्य झाले आहे. खात्यावर 'क्रेडिट' झाल्याचा निरोप दूरध्वनीवर येतो, तेव्हा त्यात वैदिक ऋषींच्या 'श्रद्धे'चा सहोदर उभा असतो. विश्वासाशिवाय उधारी नाही, हे सत्य दोन्ही भाषांनी सारखेच ओळखले.

'व्याज' या शब्दाचे चरित्र मात्र संशयास्पद आहे. संस्कृतात व्याज म्हणजे निमित्त, सोंग, कपट. अलंकारशास्त्र शिकविणाऱ्या शिक्षकांना 'व्याजस्तुती' आणि 'व्याजोक्ती' परिचित आहेतच. धनाच्या वाढीला स्मृतिग्रंथांत 'वृद्धि', 'कुसीद' असे शब्द होते. असे असूनही मराठी आणि गुजराती या दोन्ही भाषांनी मुद्दलावरील वाढीला 'व्याज' हेच नाव दिले. आता इंग्रजी 'इंटरेस्ट'कडे पाहा. मध्ययुगीन ख्रिस्ती धर्मसत्तेने पैशावर वाढ घेणे पाप ठरविले होते. त्या वाढीचे लॅटिन नाव 'उसुरा' निंद्य झाले. तेव्हा कायदेपंडितांनी एक वाट काढली. पैसे वेळेवर न मिळाल्यामुळे धनकोचे जे नुकसान होते त्याची भरपाई त्याने मागितली, तर ते पाप नाही. या भरपाईला 'इंटेरेस्से' म्हणजे 'दोहोंमधील फरक' असे नाव दिले, आणि हळूहळू त्या नावाखाली तीच वाढ उजळ माथ्याने वावरू लागली. म्हणजे इंग्रजी शब्दही एक सोज्ज्वळ निमित्तच आहे. आमच्या भाषेने ते निमित्त लपविले नाही, तिने त्या वस्तूचे नावच 'निमित्त' ठेवले. ही तुलना म्हणजे व्युत्पत्तीचा सिद्धान्त नव्हे, एवढे आम्ही स्पष्ट करतो. परंतु कर्जाच्या कागदावर ठळक अक्षरांतील दरामागे बारीक अक्षरांत काय काय दडलेले असते, हे पाहिलेल्या माणसाला ती पटावी.

'मॉर्गेज' म्हणजे 'मृत गहाण'. सतराव्या शतकात इंग्लंडच्या एडवर्ड कोक या विधिज्ञाने त्याचे स्पष्टीकरण असे दिले : कर्ज फिटले नाही तर मालमत्ता ऋणकोला मेली, फिटले तर धनकोचा तिच्यावरील हक्क मेला. आमचा 'गहाण' हा 'ग्रहण'चाच तद्भव आहे. सूर्याला लागते ते ग्रहण आणि घराला लागते ते गहाण, हा योगायोग कोणत्याही कर्जदाराला नव्याने सांगावा लागत नाही. त्यासाठीच दुसरा शब्द 'तारण'. धनकोला तारते ते तारण. त्या शब्दात ऋणकोच्या तारणाचा प्रश्नच उद्भवत नाही.

आता ज्या शब्दापासून निघालो त्याकडे येऊ. 'गॅरंटी' आणि 'वॉरंट' हे इंग्रजीत दोन वाटांनी आलेले एकच शब्द आहेत. दोन्हींचे मूळ जुन्या जर्मानिक भाषेतील रक्षण करणे, भरवसा देणे या अर्थाचे आहे. बडोद्याच्या इतिहासात या शब्दाला वेगळेच वजन आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी गायकवाडांच्या दरबारावर अरब शिबंदीचे आणि पेढ्यांचे मोठे देणे होते. १८०२ पासून झालेल्या व्यवस्थेत सावकारांनी दरबारास पैसे दिले ते इंग्रज कंपनीच्या हमीवर. या हमीला 'बहांदरी' म्हणत. हात धरून दिलेला भरवसा, असा तिचा अर्थ सांगतात. पण ज्याने हमी दिली त्याला हिशेब विचारण्याचा अधिकार आला. ज्यांना हमी मिळाली ते राज्याच्या हुकमतीबाहेर जाऊन रेसिडेंटच्या आश्रयाला गेले. राज्याच्या कारभारात कंपनीचा हात शिरला तो असा, एका सहीच्या वाटेने. पुढील काही दशके या हमीवरून दरबार आणि कंपनी यांत वारंवार तंटे झाले. हमी देणारा आणि घेणारा या दोघांनाही हमीचा अर्थ संपूर्ण ठाऊक असला पाहिजे. नाहीतर जो शब्द आधारासाठी वापरला तोच बेडी होतो. नानांची गोष्ट आणि गायकवाडांची गोष्ट यांत उलटसुलट स्थिती असली तरी धडा एकच आहे.

मराठीत या अर्थाचा शब्द नव्हता काय? होता. अरबीतून आलेला 'जामीन' हा शब्द आमच्या दफ्तरांतून सर्वत्र आढळतो. दुसऱ्याच्या देण्याची वा वर्तनाची जबाबदारी अंगावर घेणारा तो जामीन. परंतु आज शाळकरी मुलाला हा शब्द विचारा. तो सांगेल, आरोपी 'जामिनावर' सुटतो तो जामीन. आमच्या शब्दाचा अर्थ आकसून न्यायालयापुरता राहिला, आणि रिकाम्या झालेल्या जागेवर 'गॅरंटर' येऊन बसला. या परक्या शब्दाचा अर्थ कोणाला फोडून सांगितला गेला नाही. १८७२ चा करारविषयक कायदा म्हणतो, की करारात अन्यथा ठरले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ ऋणकोच्या जबाबदारीइतकीच असते. कागदावर 'जामीनदार, म्हणजे कर्जदाराइतकाच देणेकरी' असे मराठीत वा गुजरातीत लिहिलेले असते, तर नानांच्या हातातील लेखणी खचित थांबली असती. भाषेचा प्रश्न अस्मितेचा असतो, असे आपण नेहमी म्हणतो. येथे तो घरखर्चाचा झाला.

अर्थव्यवहाराची परिभाषा लोकांना समजेल अशी असावी, हा विचार नवा नाही. १६७४ च्या राज्याभिषेकानंतर शिवाजी महाराजांनी रघुनाथपंत हणमंते यांच्याकरवी 'राज्यव्यवहारकोश' सिद्ध करविला. फारसी-अरबी संज्ञांना संस्कृत पर्याय देणाऱ्या या कोशाच्या दहा वर्गांत एक 'पण्यवर्ग', म्हणजे खास बाजाराचा आहे. त्या काळी 'मुजुमदार' हा 'अमात्य' झाला. मुजुमदार शब्दात अरबीतील 'गोळा करणे' हा धातू आहे, आणि आमच्या 'जमाखर्चा'तील 'जमा'ही त्याच धातूची. पद गेले तरी मुजुमदार हे आडनाव राहिले, 'जमा' तर अजूनही प्रत्येक पासबुकात आहे. राजाज्ञेने पदनाम बदलते. वाण्याच्या वहीतील शब्द बदलण्यास राजाज्ञा पुरत नाही. जमा, खर्च, नफा, वसूल, दलाल, हप्ता हे सारे शब्द परके असूनही त्यांना आम्ही परके मानीत नाही, कारण त्यांचा अर्थ शेतकऱ्यापासून शेठजीपर्यंत सर्वांना कळतो. 'हप्ता' म्हणजे फारसीतील सात, आपल्या 'सप्त'चाच भाऊ. आठवड्याने देण्याची रक्कम महिन्याने देण्याची झाली तरी नाव तेच राहिले.

एकोणिसाव्या शतकात मोल्सवर्थचा कोश १८३१ मध्ये व त्याची सुधारलेली आवृत्ती १८५७ मध्ये निघाली. व्यापारी वह्यांतील असंख्य शब्द त्यात टिपून ठेवले आहेत. लोकहितवादींचे 'लक्ष्मीज्ञान' १८४९ चे आणि कृष्णशास्त्री चिपळूणकरांची 'अर्थशास्त्रपरिभाषा' १८५५ ची. पाश्चात्त्य अर्थशास्त्र मराठीत बोलू शकते, हे त्या पिढीने विद्यापीठांच्या स्थापनेपूर्वीच दाखवून दिले होते.

बडोद्याचे कार्य या परंपरेत विशेष आहे. सयाजीराव महाराजांनी १९३१ मध्ये 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू' प्रसिद्ध करविला. इंग्रजी शासकीय शब्दापुढे गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी व बंगाली अशा सात भाषांतील पर्याय त्यात दिले आहेत. राज्यकारभार प्रजेच्या भाषेत चालावा, या धोरणाचे हे फळ. स्वतः मराठी असलेल्या राजाने आपल्या प्रजेतील बहुसंख्यांची भाषा म्हणून गुजरातीला कारभारात स्थान दिले. दुसऱ्या वर्षी, १९३२ मध्ये, तोच राजा कोल्हापूर येथे मराठी साहित्य संमेलनाचा अध्यक्ष होता. या दोहोंत विसंगती नाही. भाषा ही ज्याच्या कामाची त्याला कळावी, हे एकच सूत्र दोन्हींमागे आहे.

तथापि कोश झाला म्हणजे शब्द रूढ होत नाही. १९४९ मध्ये बडोदे राज्य मुंबई इलाख्यात विलीन झाले, १९६० मध्ये गुजरात राज्य स्थापन झाले, आणि 'कल्पतरू' ग्रंथालयाच्या कपाटात विसावला. महाराष्ट्राचा 'पदनाम कोश' १९६२ मध्ये निघाला, तेव्हा त्याची बरीच थट्टा झाली. पण 'अभियंता', 'संचालक' यांसारखे शब्द आज कोणालाही हास्यास्पद वाटत नाहीत. वापर हाच शब्दाचा खरा आश्रयदाता होय. याचे उत्तम उदाहरण बडोद्यातच आहे. ५ फेब्रुवारी १८८९ रोजी विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांनी काही मध्यमवर्गीय कुटुंबांना एकत्र करून 'अन्योन्य सहाय्यकारी मंडळी' स्थापन केली. सरकारचा सहकारी पतसंस्थांचा कायदा १९०४ चा; म्हणजे ही मंडळी त्याच्याही पंधरा वर्षे आधीची, आणि हिंदुस्थानातील सहकारी पतव्यवहाराचा आरंभ म्हणून तिचा निर्देश होतो. तिच्या नावाकडे पाहा. 'अन्योन्य', 'सहाय्य', 'मंडळी' : एकही शब्द असा नाही की जो सभासदाच्या पत्नीला समजावून सांगावा लागेल. संस्थेचे स्वरूप, तिचे तत्त्व आणि तिची जबाबदारी नावातच उलगडलेली होती. पुढे बँक झालेली ही संस्था एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अडचणीत आली, हे खेदाने नमूद केले पाहिजे. उत्तम नाव संस्थेला बुडण्यापासून वाचवीत नाही. पण लोक तिच्याभोवती जमले ते तिची भाषा कळली म्हणून, हेही तितकेच खरे.

या विवेचनावरून इंग्रजी शब्द हद्दपार करावेत असा निष्कर्ष आम्ही काढीत नाही. बँक, चेक, शेअर हे आता जमा आणि खर्च यांच्याइतकेच आमचे झाले आहेत. आमचे म्हणणे एवढेच, की शब्द कोठलाही असो, तो उघडून पाहण्याची सवय विद्यार्थ्यांना लागली पाहिजे. 'ऑडिट' म्हणजे ऐकणे. पूर्वी हिशेब मोठ्याने वाचून दाखवीत आणि तपासनीस तो कानांनी तपाशी. 'फायनान्स'च्या मुळाशी 'अंत' आहे. देण्याचा शेवट करणे हा त्याचा आरंभीचा अर्थ. हे ज्याला कळले तो पुढच्या अनोळखी शब्दापाशी थबकून विचारील, की याच्या पोटात काय आहे? ही थबकण्याची सवय म्हणजेच भाषाशिक्षणाचे व्यावहारिक फळ. मराठीच्या तासाला एखादा बँकेचा अर्ज, विम्याचा कागद वा वीजबिल वर्गात आणून त्यावरील शब्दांचा अर्थ व कूळ यांवर अर्धा तास खर्च करण्यास कोणत्याही अभ्यासक्रमाची आडकाठी नसावी. आमच्या परिषदांनीही वर्षातून एक सायंकाळ या कामासाठी राखावी.

निजामपुऱ्यात आम्ही तसा एक लहानसा प्रयत्न घरच्या ओसरीवर करून पाहिला. दहा-बारा मुले आणि पाच-सहा वडीलधारी मंडळी जमली. प्रत्येकाने घरातील एकेक कागद आणला होता. सर्वांत आधी आले ते नाना. त्यांनी आपला तो जुना कागद सोबत आणला होता आणि त्यावरील हप्ते अद्याप चालूच आहेत. मुलांपुढे तो उलगडून, ज्या शब्दाखाली आपण सही केली होती त्यावर बोट ठेवून ते म्हणाले, "आधी हा शब्द वाचा. मग पुढचे."